त्याचा रोजा, माझा उपास

(नोएडातील मराठी मंडळाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



निमंत्रणाचे पत्र आले तेव्हा मी आधी नकार देणार होतो. मी वक्ता नाही. चाळीस वर्षांतली तीस दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. त्या कामात तोंड मिटून ठेवायचे वळण लागते. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी माझ्या मुलीला इथल्या सोसायटीच्या तळघरात, उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत सतरंजी घालून मराठी बाराखडी शिकवली. दर रविवारी, नऊ वर्षे, एक पैसा न घेता. एकदा मी त्यांना विचारले, "गुरुजी, एवढे कशासाठी करता?" मला वाटले, आता भाषा, संस्कृती, पुढची पिढी असे काही ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "रविवारी घरी करमत नाही हो."

हे उत्तर मी वीस वर्षे खिशात घेऊन फिरतो आहे. आजचा विषय मी निवडला तो त्या उत्तरामुळे: इस्लाममधली 'नियत', आणि तिच्यामुळे रोजची साधी कामे इबादत, म्हणजे उपासना, कशी होतात.

हा शब्द तुम्हाला परका नाही. 'त्याची नियत साफ नाही', 'पैसा बघितला आणि नियत फिरली' असे आपण रोज म्हणतो. गंमत अशी की देवनागरीत हा शब्द दोनदा येतो. एक संस्कृतातला नियत, म्हणजे ठरलेला, बांधून दिलेला, नियतकालिकातला तो. दुसरा अरबीतला, म्हणजे मनातला हेतू. अक्षरे तीच, मुळे वेगळी. आणि 'दानत'? तिचा दानाशी संबंध आहे असे आपण धरून चालतो. ती अरबी 'दियानत'वरून आली. तिथे अर्थ आहे धर्मनिष्ठा, सचोटी. मराठी माणसाने कुणाची दानत काढली की तो नकळत त्याचा धर्मच काढत असतो. आजच्या विषयाचा अर्धा शब्दसंग्रह असा आपल्या घरात आधीपासून नांदतो आहे, म्हणून फार परिभाषा मी वापरणार नाही.

माझे गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक शाफई. समुद्रावरून अरब व्यापारी आले, त्यांच्याबरोबर हा पंथ आला; तोच भटकळला आहे, केरळच्या मापिळ्यांत आहे, पार इंडोनेशियात आहे. उत्तर हिंदुस्थानात धर्म आला खुष्कीच्या मार्गाने, मध्य आशियातून, म्हणून इथले बहुतेक लोक हनफी. इमाम अबू हनीफा बगदादमध्ये वारले ते साल ७६७, आणि इमाम शाफई गाझात जन्मले तेही ७६७. दोघे एकमेकांना भेटले नाहीत, पण त्यांचे मतभेद मला हरौल्याच्या एका खोलीत भेटले.

१९९४ सालची गोष्ट. नोएडाच्या सेक्टर ५ मध्ये हरौला आहे. तेव्हाही ते गाव होते आणि भोवती कारखाने. दहा बाय दहाची खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह. दुसऱ्या खाटेवर आझमगढचा एक कटिंग मास्टर, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. रमजान फेब्रुवारीत आला होता. दिल्लीकडची थंडी कोकणातल्या माणसाला पहिली दोन वर्षे समजतच नाही. एका पहाटे आम्ही दोघेही गोधडीत गुरफटून पडलो आणि सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठलोच नाही. जाग आली तेव्हा आठ वाजले होते.

तो उठला, चूळ भरली, क्षणभर डोळे मिटले आणि शर्ट घालू लागला. मी तसाच बसलेला. म्हणाला, "क्या हुआ? नीयत कर लो, दोपहर से पहले तक वक़्त है."

त्याच्यासाठी होता. माझ्यासाठी नव्हता. हनफींच्या मते रमजानच्या रोजाची नियत दुपारच्या आधीपर्यंत केली तरी चालते, मात्र तोवर काही खाल्लेले-प्यायलेले नको. शाफईंच्या मते ती रात्रीच, पहाट फुटण्याच्या आत, आणि प्रत्येक रात्री वेगळी. सहेरीला उठल्यावर नियत करायची अशी मला घरची सवय. उठलोच नाही तर ती करणार कधी? नियम असा की अशा माणसाने रमजानचा मान राखून दिवसभर उपाशीच राहायचे, पण तो दिवस रोजात धरला जात नाही. तो नंतर फेडायचा. त्याला कजा म्हणतात.

दिवसभर आम्ही दोघे सारखेच उपाशी होतो. त्याच्या पोटात जे कालवत होते तेच माझ्या. संध्याकाळी एकाच पुड्यातले खजूर खाऊन उपास सोडला. रात्री एसटीडी बूथवरून घरी फोन लावला तेव्हा आईला सांगितले. ती हसली. म्हणाली, "म्हणजे त्याचा रोजा झाला, तुझा नुसता उपास."

पुढे एका मौलवींनी सांगितले की तेवढ्या दिवसापुरते हनफी मत धरले असते तरी चालले असते. असेल. पण मी हिशेबातला माणूस. देणे लिहून ठेवून नंतर फेडणे मला अधिक सरळ वाटले. ईदनंतरच्या आठवड्यात एक दिवस फेडला.

हा किस्सा मी लांबवला, कारण नियत म्हणजे 'चांगली भावना' असा आपला ग्रह असतो आणि तो इथे मोडतो. त्या दिवशी माझी भावना वाईट नव्हती. हळहळ होती, लाज होती, श्रद्धाही होती. नव्हती ती फक्त नियत. शास्त्रकारांच्या लेखी नियतीचे पहिले काम भावना उंचावणे हे नाही. वेगळे करणे हे आहे. सवय कुठे संपते आणि इबादत कुठे सुरू होते, ती रेघ नियत ओढते. डॉक्टरने सांगितले म्हणून माणूस उपाशी राहतो, वजन उतरावे म्हणून राहतो, खिशात पैसे नाहीत म्हणून राहतो. आंघोळ उकाड्याने होते आणि शुद्धीसाठीही होते. बाहेरून बघणाऱ्याला पाणी तेवढे दिसते. आमच्या भाषेत सांगायचे तर पाचशे रुपये गल्ल्यातून गेले, हे कुणालाही दिसते. ते कोणत्या खात्यावर गेले, हे लिहिणाऱ्याला ठाऊक. देणगी, उसनवार की लाच, हे नोटेवर छापलेले नसते.

आणि हे खाते आधी लिहावे लागते. मागची तारीख घालून चालत नाही. आमच्या धंद्यात मागच्या तारखेच्या नोंदी किती चालतात ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा नियम मला पहिल्यापासून आवडला.

वुजूचेच बघा. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा. शाफई म्हणतो, चेहऱ्याला पाणी लावताना मनात नियत हवी. नाही तर ते नुसते तोंड धुणे झाले. हनफी म्हणतो, पाणी मुळातच स्वच्छ करते, त्याला तुमच्या मनाची परवानगी लागत नाही. पावसात नखशिखांत भिजलेल्या माणसाचा वुजू हनफींच्या मते होऊन जातो. सवाब, म्हणजे पुण्य, हवा असेल तर नियत करावी. पण पाणी नसेल तेव्हा कोरड्या मातीवर हात ठेवून तयम्मुम करतात. तिथे मात्र हनफीही म्हणतो, नियत पाहिजेच. का? माती तर मळवते. तिच्याकडून पाण्याचे काम करून घ्यायचे तर वरून काही तरी घालावे लागते. मला या एका मुद्द्यात सगळा विषय दिसतो. जे मुळात पाणी आहे त्याचे नियतीवाचून थोडेफार भागेल. आपली रोजची कामे, म्हणजे मेट्रोची धक्काबुक्की, डबा, पगार, पोरांच्या फिया, ही मातीच्या जातीची आहेत.

आता मूळ आधाराकडे येतो. इमाम बुखारींनी नवव्या शतकात हदीसांचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, जो संग्रह केला त्यातली पहिलीच हदीस नियतीची आहे. प्रस्तावनेच्या जागी त्यांनी तीच ठेवली. कर्मे नियतीवर अवलंबून असतात आणि ज्याची जशी नियत तसे त्याच्या पदरात पडते, असा तिचा आशय. पैगंबरांकडून ती हजरत उमर यांनी ऐकली, उमर यांच्याकडून अलकमा यांनी, त्यांच्याकडून मुहंमद बिन इब्राहीम यांनी, त्यांच्याकडून याह्या बिन सईद यांनी. तिथून पुढे ती शेकडो लोकांनी सांगितली, पण तोवर एकेकच साक्षीदार. हिशेबतपासनीस म्हणून मला याचे कायम नवल वाटते. इस्लामी शास्त्राचा एवढा मोठा भाग ज्या वाक्यावर उभा आहे ते पहिल्या पिढ्यांत एकाच सहीवर पुढे सरकले.

त्या हदीसमध्ये दाखला कुठला दिला आहे, तो इथे बसलेल्यांनी नीट ऐकावा. तो आहे स्थलांतराचा. ६२२ साली मक्केहून मदिनेला लोक गेले, ती हिजरत. एक जण गेला अल्लाह आणि पैगंबरांसाठी. त्याची हिजरत त्यासाठी. दुसरा गेला काही लाभासाठी किंवा कुणा बाईशी लग्न करायला. त्याची हिजरत त्यासाठी. वाट तीच, ऊन तेच, उंटही तितकेच दमलेले. शिवाय पैगंबर दुसऱ्याला परत पाठवत नाहीत. लग्नासाठी आलास ना, मग लग्न मिळेल, एवढेच.

मित्रहो, नोएडा हे शहरच हिजरतीचे आहे. १९७६च्या एप्रिलमध्ये कागदावर आले. त्याआधी यमुना आणि हिंडणच्या मधली शेते आणि गावे होती. इथे बसलेला कुणीही आजोबांच्या काळापासून इथला नाही. तुम्ही नागपूरहून आलात, सांगलीहून आलात, मी दापोलीहून. नोकरीसाठी आलो हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याआधी मराठी मुलखाचे नाव घेऊन या मातीत आले ते शिंद्यांचे शिपाई. ११ सप्टेंबर १८०३ला इंग्रज सेनापती लेकच्या फौजेशी त्यांची लढाई झाली, तिचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. शिंद्यांच्या बाजूने सेनापती होता फ्रेंच, बुर्कें नावाचा. हाताखाली हिंदू, मुसलमान, कोण कोण. कुणी पगारासाठी लढला असेल, कुणी शब्दासाठी, कुणी पळून जायला वाट नव्हती म्हणून. स्तंभाला यातले काही माहीत नाही. गोल्फ खेळणाऱ्यांना तर नाहीच.

मग नोकरीसाठी आलेल्या माणसाला या हिशेबात जागा आहे का? आहे, आणि पुष्कळ आहे. साद बिन अबी वक्कास या आपल्या सोबत्याला पैगंबरांनी सांगितले की अल्लाहसाठी म्हणून जे खर्च कराल त्याचा सवाब मिळेल, बायकोच्या तोंडात घातलेल्या घासाचासुद्धा. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हा सदका, म्हणजे दान. हसून भेटणे हा सदका. झाड लावले आणि पाखराने त्याचे फळ खाल्ले, तर तोही लावणाऱ्याच्या नावे. नवराबायकोच्या एकांतालाही सवाब आहे असे सांगितल्यावर सोबत्यांनी चकित होऊन विचारले की वासना भागवण्याचा कसला सवाब? उत्तर मिळाले, ती भलतीकडे भागवली असती तर पाप लागले असते ना? मआज बिन जबल हे सोबती तर म्हणत की रात्रीच्या नमाजाचा मी जसा सवाब धरतो तसा झोपेचाही धरतो. कारण झोपलो नाही तर उठून उभा कसा राहणार?

आपल्याकडे हे ऐकले की लगेच सावता माळी आठवतात, गोरा कुंभार आठवतात. आठवावेतच. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांतही बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की कर्माचे रूप पालटते, हा विचार आहे. विनोबा अरबी शिकले होते, कुराणातल्या वेच्यांचे संकलनही त्यांनी केले. तेव्हा शेजार जवळचा आहे. पण 'सगळे धर्म एकच सांगतात' असे म्हणून टाळी घ्यायला मी आलेलो नाही. एक फरक सांगतो. गीतेच्या वाटेने जाणारा फळावरचा हात काढून घेतो. आमच्याकडे सामान्य माणसाला फळ मागायची मुभा आहे. सवाब हवाय? उघड म्हणा हवाय. फक्त तो कुणाकडून हवाय हे नक्की करा: वरून की शेजाऱ्याकडून. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबिया यांना हेसुद्धा पटले नाही. स्वर्गाच्या लोभाने आणि नरकाच्या भीतीने केलेली भक्ती त्यांना मजुरी वाटे. सूफी त्यांच्यामागे गेले. मी गेलो नाही. मजुरी मागण्यात मला कमीपणा वाटत नाही. बुडवली जाते तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे.

ते सांगतो. हरौल्यात राहत होतो त्याच काळात मी एका कपड्याच्या कारखान्यात वह्या तपासायला जात असे. नाव सांगणार नाही. मालक फार देवभोळे. कोणत्या देवाचे तेही सांगणार नाही, कारण त्यांच्याकडे रमजानात इफ्तार व्हायचा आणि नवरात्रात भंडाराही. शंभर-दीडशे माणसे जेवायची. खर्च 'कर्मचारी कल्याण' या खात्यात. त्याच वहीत, दोन पाने उलटल्यावर, जादा तासांचा हिशेब. १९४८च्या कारखाने कायद्याप्रमाणे जादा तासाला दुप्पट दर द्यावा लागे. इथे सगळ्यांना एकपट दिलेला, आणि काहींचे तास गोल आकड्यात खाली आणलेले. सव्वानऊ तास झाले की नऊ. एका महिन्यातल्या पाव-पाव तासांची मी बेरीज केली. आकडा इफ्तारच्या खर्चापेक्षा थोडा मोठाच आला.

माझा खोलीसोबती त्या कारखान्यात नव्हता, पण त्याच्या ओळखीच्यांबरोबर इफ्तारला जाऊन आला. मी विचारले, कसे होते? म्हणाला, "खाना बढ़िया था. अपने ही पैसे का था."

इमाम गजालींचा 'इह्या' हा मोठा ग्रंथ आहे. ११११ साली ते वारले. त्यात नियतीवर एक आख्खे प्रकरण आहे, आणि त्यात त्यांनी हे दार घट्ट लावून घेतले आहे. नियतीने पाप पालटत नाही. दुसऱ्याच्या पैशाने गरिबाला जेवू घालणे, हरामाच्या कमाईतून मशीद बांधणे, यांत नियत किती का चांगली असेना, ते पापच. उलट त्याला पुण्य समजणे हे वर आणखी एक पाप. नियतीचा हात पोचतो तो सत्कर्मांपर्यंत आणि ज्या कामांना ना पाप ना पुण्य अशा मधल्या कामांपर्यंत. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी शिकवण आहे. इफ्तारची सोय त्याच्या पुढची.

आणि मी काय केले? अहवालात एक ओळ लिहिली: जादा तासांच्या नोंदीत सुधारणेस वाव आहे. तेव्हा मी मनाला समजावले की कडक लिहिले तर कारखाना बंद पडेल, माणसे बेकार होतील, त्यांच्या भल्यासाठीच हे. आज सांगतो, तशी नियत नव्हती. पुढच्या वर्षीचे काम जाईल ही भीती होती. नियतीचा शिक्का मी नंतर मारला, मागच्या तारखेने.

गजाली या शिक्क्यालाच हसतात. मनात किंवा तोंडाने 'मी हे अल्लाहसाठी करतो' असे म्हणणे म्हणजे नियत नव्हे, असे ते सांगतात. पोट भरलेल्या माणसाने 'आता मला भूक लागावी असा मी निश्चय करतो' म्हटले तर भूक लागते का? नियत म्हणजे मनाची खरी ओढ. ती हुकमी येत नाही. हल्ली भाषणांत, भिंतीवरच्या पाट्यांवर, मोबाइलवरच्या सुविचारांत जे सोपे करून सांगतात की ऑफिसला जाताना फक्त नियत करा आणि आठ तास इबादतीत जमा, ते ऐकले की मला ही भूक आठवते. ऑफिसात आठ तास जे करता ते कशाच्या ओढीने करता, हा प्रश्न राहतोच. अत्तराचा दाखलाही गजालींचाच. शुक्रवारी अत्तर लावणारा श्रीमंती दाखवायला लावतो, बायकांच्या नजरेसाठी लावतो, की मशिदीचा आदर म्हणून आणि शेजारी बसलेल्याला घामाचा त्रास नको म्हणून लावतो? कन्नौजचे तेच अत्तर, त्याच कुपीतले.

बरे, ओढ मिसळलेली असली तर? माणसाच्या मनात एकच हेतू कधी असतो? हाजी हजला जातो आणि जमल्यास चार पैशांचा व्यापारही करतो. कुराणाने त्याला मनाई केलेली नाही. गजाली तराजू काढतात: कोणता हेतू जड आहे ते बघा. इथे मला गुरुजी आठवतात. घरी करमत नाही म्हणून येणारा माणूस नऊ वर्षे तळघरात डास मारत अ-आ-इ शिकवत नाही. करमण्यासाठी पत्ते होते, टीव्ही होता. त्यांनी जड पारडे झाकून हलके पारडे मला दाखवले. दिखाव्याला आमच्याकडे रिया म्हणतात, आणि ती नको म्हणून काही लोक चांगुलपण लपवण्याचीच युक्ती करतात. गुरुजींनी रिया हा शब्द कधी ऐकला नसेल. रियाबद्दलची सर्वांत कठोर हदीस अशी की न्यायाच्या दिवशी पहिली तीन माणसे उभी केली जातील: शहीद, विद्वान आणि दानशूर. तिघेही नरकात, कारण तिघांनी ते केले लोकांनी म्हणावे म्हणून. आणि लोकांनी ते म्हटलेही. व्याख्यान देणाऱ्याने ही हदीस सांगताना जरा जपून सांगावी. सांगितली.

जकातीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, हिशेबवाल्याला ती चुकवून चालणार नाही. वर्षभर शिलकीत राहिलेल्या पैशावर अडीच टक्के जकात. ती देताना, निदान बाजूला काढून ठेवताना, नियत हवी. आयकर भरताना मनातल्या मनात शिव्या दिल्या तरी कर भरला जातो. सरकारला तुमच्या मनाशी कर्तव्य नसते, पावती मिळते. जकातीची पावती कुणी देत नाही, आणि मनात काही नसेल तर देऊनही बाकी तशीच राहते. माझ्या तपासणीच्या चौकटीत न बसणारे हे एकमेव खाते. व्हाउचर आहे, पण ते दुसऱ्याला दाखवता येत नाही.

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. इस्लामने झोपेपासून घासापर्यंत सगळे आयुष्य इबादतीसाठी खुले केले, हे सगळे सांगतात. पण तसे करताना त्याने किल्ली करणाऱ्याच्या मनात ठेवली, आणि म्हणून तपासणीचा अधिकार शेजाऱ्याकडून, मोहल्ल्याकडून, मौलवीकडून काढून घेतला, हे फार थोडे लोक सांगतात. माझा रोजा झाला की नाही हे आझमगढचा माणूस सांगू शकत नव्हता. त्याने काय केले? डोळे मिटले. एवढेच मला दिसले.

हे आमच्यातल्यांनाही कळत नाही आणि इतरांनाही. आमच्यात लोक एकमेकांच्या दाढीची लांबी मोजतात. इतरांचे सांगायचे तर २०१८च्या डिसेंबरात इथल्या सेक्टर ५८च्या पोलिस ठाण्याने भोवतालच्या कंपन्यांना कळवले की आपल्या मुसलमान कर्मचाऱ्यांना उद्यानात शुक्रवारची नमाज पढू देऊ नका, परवानगी नाही. परवानगीचा प्रश्न कायद्याचा. त्यावर वाद होऊ शकतो, तो मी आज घालत नाही. पण त्या आठवड्यात मेट्रोत, कँटीनमध्ये जे बोलले जात होते ते परवानगीबद्दल नव्हते. ते नियतीबद्दल होते. "यांचा हेतू काय आहे?" जेवणाच्या सुटीत रुमाल अंथरून वीस मिनिटे उभ्या-वाकलेल्या माणसांचा हेतू प्रत्येकाला माहीत होता. मी वह्या उघडून बसतो तरी मला समोरच्याचा हेतू सापडत नाही. यांना तो चालत्या गाडीतून दिसला.

कुराणात 'माऊन' नावाची छोटी सूरा, म्हणजे अध्याय, आहे, फक्त सात आयतींची. दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांवर ती कोरडा ओढते आणि त्याच दमात म्हणते की ही माणसे किरकोळ वस्तूसुद्धा उसन्या देत नाहीत. माऊन म्हणजे घरातली लहानसहान चीजवस्तू: डाव, बादली, कुऱ्हाड. आमच्या गावी त्यात पाटा-वरवंटा आणि होडीचे वल्हे येत असे. आई कुणी काही मागायला आले की आधी देई, मग म्हणे, "परत आणताना धुऊन आण." मी एकदा विचारले की तू देताना मनात काय म्हणतेस? ती म्हणाली, "काय म्हणायचे? भाकरी तव्यावर असते."

गजालींनी हे उत्तर ऐकले असते तर तराजूत कसे तोलले असते, मला माहीत नाही. ओढ इतकी आत मुरलेली की तिला शब्दच उरला नाही, असे असेल. किंवा खरेच भाकरी तव्यावर असेल.

माझा खोलीसोबती आता आझमगढला असतो. डोळ्यांनी कटिंग जमत नाही, मुलगा दुकान बघतो. पण रमजानच्या पहिल्या रात्री त्याचा फोन येतो, न चुकता. सलाम झाला की पहिला प्रश्न, "नीयत कर ली? तुम्हारा काउंटर तो रात को ही बंद हो जाता है."

मी म्हणतो, केली. तो म्हणतो, "मैं तो आठ बजे करूँगा," आणि हसतो. मला ठाऊक आहे की त्यानेही केलेली असते.